हवेतली कात्री

'आपण सध्या गरोदर आहात का?' या प्रश्नाला मी 'हो' म्हटलं तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याआधीच्या सहा प्रश्नांनाही मी 'हो'च म्हटलं होतं. त्यामुळे त्या घटकेला माझी अवस्था अशी होती की मला ताप होता, चक्कर येत होती, डोक्यावरच्या चकतीतून पू येत होता, आठवड्यात दोनदा झटके आले होते, मी धातूची वस्तू गिळली होती, जड वाहन चालवलं होतं, आणि आता हे. प्रश्नावली सगळ्यांना एकच असते. यातलं एकही उत्तर मी दिलेलं नव्हतं. मी चाकाच्या खुर्चीत स्वस्थ बसलो होतो. स्वस्थ बसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, खांद्यांखाली मी गेली तीन वर्षं दुसरं काही केलेलंच नाही. समोरच्या पडद्यावर कर्सर 'हो'वर ठाण मांडून बसला होता आणि टिक, टिक, टिक करत एकेक प्रश्न निकालात काढत होता. 'हलू नका हं,' माझ्या मागून सिस्टर म्हणाल्या. त्या हे नेहमी म्हणतात. मी शब्द पाळला.

माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूला शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी चकती आहे. तिच्याखाली, कवटीच्या आत, मुंगी बसेल एवढ्या जागेत शहाण्णव सुया आहेत. प्रयोगशाळेत आलो की चकतीला वायर लावतात, आणि मग उजवा हात हलवायचा मी जो विचार करतो तो यंत्राला ऐकू जातो. टेबलावरून हात सरकवतोय असं मनात आणलं की कर्सर सरकतो. मूठ मिटतोय असं मनात आणलं की क्लिक होतं. निदान प्रयोगशाळेतल्या सगळ्यांची तशी समजूत होती. दर सोमवारी ती प्रश्नावली मीच अशी भरतो. त्या सोमवारी चकतीभोवतीचे केस वाढलेले दिसले, केस कापायचं मशीन चार्ज केलेलं नव्हतं, म्हणून सिस्टरांनी पट्ट्या कापायची कात्री घेतली. खिडकीच्या काचेत मला त्यांचा हात दिसत होता. अंगठा एका कडीत, मधलं बोट दुसऱ्या कडीत, आणि दोन्ही पाती मगरीच्या तोंडासारखी उघडताहेत आणि मिटताहेत. मी मनातल्या मनात म्हणालो, अहो, अंगठा आणि अनामिका. अनामिकेकडचं पातं भिंतीसारखं गप्प ठेवायचं आणि फक्त अंगठा हलवायचा. असं. त्या बाहेरून चुकीचं कापत होत्या आणि मी आतून बरोबर कापत होतो. असं, असं, असं. टिक, टिक, टिक. सातव्या टिकेला मला कळलं की कोण कापतंय, आणि त्याच क्षणी मी गरोदर राहिलो.

इंजिनिअर काचेपलीकडच्या खोलीतून धावत आला. तो माझ्याच वयाचा आहे, सव्वीस-सत्तावीसचा. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढून सतत काहीतरी मोजत असतो. 'अरे, सात क्लिक. मूठ मिटलीस?' 'नाही.' 'मग?' मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, 'शिंक आली.' 'सात?' 'बारीक बारीक.' त्यानं वहीत तारीख घातली आणि लिहिलं, शिंक, सात. मला वाटलं प्रकरण मिटलं. पण शास्त्रज्ञांच्या घरात खोटं बोलण्यात धोका हा असतो की ते तपासतात. पुढचे दोन दिवस मला शिंकवण्यात गेले. छाताडात जोर नसल्यामुळे माझी शिंक म्हणजे मांजराच्या पिल्लानं नाराजी व्यक्त केल्यासारखी असते. इंजिनिअर मिरपुडीची बाटली माझ्या नाकाखाली धरून उभा, सिस्टर घड्याळ घेऊन उभ्या, आणि शिंका सगळ्या त्या दोघांना. एकूण एकोणतीस नोंदल्या गेल्या, त्यातल्या माझ्या दोन. क्लिक शून्य.

खोट्याची सुरुवात मात्र सोमवारी झालेली नव्हती. ती दहा महिन्यांपूर्वीची. ऑपरेशनची जखम भरल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅडम माझ्यासमोर बसल्या. मॅडम म्हणजे या सगळ्याच्या प्रमुख, मेंदूच्या डॉक्टर. पन्नाशीच्या. बोलताना हात इतके हलवतात की मला कधीकधी वाटतं, माझ्या वाट्याचेही त्याच हलवताहेत. त्या म्हणाल्या, 'उजवी मूठ मिट. म्हणजे मिटते आहेस असं समज.' मी समजायला लागलो. तीन दिवस समजत होतो. मुठीची अडचण अशी की मी आयुष्यात ती मुद्दाम कधी केलीच नव्हती. मारामारीत मी पळणाऱ्यांपैकी. मूठ म्हणजे काय, बोटं आधी जातात की अंगठा, आत काही धरलेलं असतं की नुसतीच हवा, मला काही केल्या आठवेना, आणि आठवायला जावं तर हाताच्या जागी मोठं पांढरं कापड पसरल्यासारखं वाटायचं. पडद्यावर काहीच होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजिनिअर आपल्या बाह्या खाली ओढायला लागला. ते मी आमच्या सलूनमध्ये पुष्कळ पाहिलेलं होतं: गिऱ्हाइकाला केस आवडले नाहीत आणि बोलवत नाही, की ते असंच बाह्यांशी चाळा करतं. मला भीती वाटली. मला परत घरी, त्या पलंगावर पाठवतील, या भीतीनं माझ्या आत जे हलायला शिल्लक होतं ते हललं. कात्री. टिक. कॅल्क्युलेटर उघडला. मी नऊ गुणिले सात केलं. त्रेसष्ट आले. सिस्टर रडल्या, इंजिनिअरनं काचेवर डोकं आपटून घेतलं, मॅडम उठून माझा निर्जीव हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, 'मूठ. बघ, तुझी मूठ आहे अजून तिथं.' एवढ्या आनंदात 'नाही हो, ती कात्री होती' म्हणणारा माणूस कोणी असेल, तर तो मी नव्हे.

खरं म्हणजे इतर कुठल्याही हालचालीपेक्षा कात्री शिल्लक राहावी यात नवल नाही. आमचं सलून खाली आणि घर वर. माझा पलंग बरोबर बाबांच्या खुर्चीच्या डोक्यावर येतो. सकाळी नऊपासून फरशीतून आवाज येत असतो, आणि आवाजावरून मला कळतं की आता मानेवर आहेत, आता कानामागे, आता नुसतेच हवेत. कारण बाबांची कात्री कधी थांबत नाही. केस उचलून फणीत धरायला जो अर्धा क्षण लागतो तेवढ्यातही ती रिकामी चालते, टिकटिक, टिकटिक. मी चौदा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. कापायला नाही, न कापायला. 'कात्री थांबली की गिऱ्हाईक डोळे उघडतं,' ते म्हणायचे. 'डोळे उघडले की आरशात बघतं. आरशात बघितलं की त्याला मतं सुचतात.' दोन महिने मी नुसती हवा कापली. जेवताना कापली, शाळेत बाकाखाली कापली, झोपेत कापली असं ताई सांगते. मग पुढची दहा वर्षं डोकी कापली, सगळ्यांची, फक्त बाबांचं नाही. त्यांचं डोकं पलीकडच्या रस्त्यावरचा म्हातारा करायचा, ज्याला नीट दिसत नव्हतं. 'मी करतो ना,' मी म्हटलं की बाबा म्हणायचे, 'तुझा हात अजून बसला नाही.' मग एका दुपारी ते रस्त्यावर उभे राहून वर बघत म्हणाले, 'बोर्ड वाकडा आहे रे.' मी शिडीवर चढलो. 'थोडा डावीकडे,' ते म्हणाले. मी थोडा डावीकडे केला. 'अजून थोडा.' मी आठ फुटांवरून पडलो. बोर्ड पडला नाही. तो आजही उत्तम सरळ आहे, कुणीही येऊन बघावं. त्यानंतर बाबांनी माझ्या केसांना हात लावलेला नाही. संध्याकाळी वर येतात, अंगाला पावडरचा वास, माझ्या पायांशी बसतात, हवापाण्याचं बोलतात. आणि प्रयोगशाळेत नसलो की दिवसभर मी फरशीच्या वरून त्यांच्याबरोबर कापत असतो. ते कानामागे गेले की मी कानामागे जातो. तीन वर्षं माझी एक सुट्टी नाही. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण माझ्या डोक्यात काय चाललंय ते कळावं म्हणून कवटीत शहाण्णव सुया घालणाऱ्या लोकांनी मला ते कधी विचारलंच नाही.

आणि एव्हाना मॅडमचा सिद्धांत तयार झालेला होता. झालं असं की माझ्या मुठीत त्यांना चार बोटं सापडेनात. सुया सांगत होत्या की हलतोय तो एकटा अंगठा. अनामिकेत थोडी जाग, बाकी सामसूम. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हा मुलगा मूठ मिटत नाहीये. पण मॅडम बुद्धिमान आहेत. त्यांनी महिनोन् महिने विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं की शरीर निकामी झालं की मेंदू काटकसर करतो, अख्खी मूठ वापरायच्या ऐवजी तिचा सारांश वापरतो, आणि मुठीचा सारांश म्हणजे अंगठा. चाळीस पानं लिहून झाली होती. माझा मेंदू काटकसरी आहे हे ऐकून ताई म्हणाली होती, 'त्यांनी याचं कपाट पाहिलेलं नाही.' शुक्रवारी मॅडम मोठ्या परिषदेत हे वाचायला जाणार होत्या, आणि त्यावरून ठरणार होतं की मला दुसरं वर्ष मिळणार की नाही. पहिलं वर्ष फक्त प्रयोगशाळेत. दुसऱ्या वर्षी यंत्र घरी. म्हणजे पलंगाशेजारी पडदा, म्हणजे दार उघडणं, दिवा लावणं, कुणाला फोन करणं, खिडकी किलकिली करणं, तीही ताईला हाक न मारता. दुसरं वर्ष नाही मिळालं तर महिनाअखेरीला सुया काढून घेणार. ज्या दिवशी मला हा पर्याय समजला त्या दिवसापासून मी घरातल्या प्रत्येक बटणाकडे लग्नाळू नजरेनं बघायला लागलो होतो.

बुधवारी संध्याकाळी ताई मला भरवत होती. ती शाळेची व्हॅन चालवते, त्यामुळे घास देतानाही तिचं लक्ष आरशात असल्यासारखं इकडेतिकडे असतं. 'ताई, समजा एखाद्यानं दहा महिने खोटं सांगितलं,' मी म्हटलं. 'कुणी?' 'समजा.' 'तोंड उघड. कुणाला?' मी सगळं सांगितलं. चमचा मध्येच थांबला. ती वाकून माझ्या चकतीकडे बघायला लागली. 'डोक्याला भोक पाडून आत वायर घातलीय,' ती म्हणाली, 'तरी तू थापा मारू शकतोस. कमाल आहे बाबा तुझी.' 'काय करू?' 'मला काय विचारतोस? सांगितलंस तर सुया जातील?' 'बहुतेक.' 'नाही सांगितलंस तर?' 'घरी यंत्र. आणि मॅडम जगभर अंगठा सांगत फिरतील. पुढच्या माणसाला म्हणतील, मूठ मिट. तो तीन दिवस पांढरं कापड बघत बसेल. त्याला कात्री येत नसली तर?' ताईनं चमचा परत ताटलीत ठेवला, माझी हनुवटी पुसली. खालून बाबांची कात्री ऐकू येत होती, शेवटचं गिऱ्हाईक असावं. 'पुढचं वर्षभर मला कुणी रात्रीची हाक मारली नसती तर बरं झालं असतं,' ती म्हणाली, आणि त्याच आवाजात, 'उद्या व्हॅन लवकर काढते. मॅडम यायच्या आधी सोडते तुला.'

गुरुवारी मॅडम बॅग खांद्याला लावूनच खोलीत आल्या. 'मॅडम, ती मूठ नाहीये.' 'काय मूठ नाहीये?' 'क्लिक. ती कात्री आहे. मी न्हावी आहे.' 'ते फॉर्मवर आहे,' त्या म्हणाल्या, मग चाकाच्या स्टुलावर बसल्या. स्टूल त्यांना घेऊन हातभर मागं सरकलं. 'केव्हापासून?' 'पहिल्या त्रेसष्टपासून.' 'रोज?' 'रविवार सोडून.' इंजिनिअर दारात उभा होता. 'आणि शिंक?' तो म्हणाला. 'शिंक नव्हतीच. सिस्टर चुकीचं कापत होत्या.' 'अरे दोन दिवस मिरपूड हुंगलोय मी.' 'मी सांगणार होतो, पण तू शिंकत होतास.' मॅडमचे हात मांडीवर पडले होते, अगदी माझ्यासारखे. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. 'तुला एका शब्दानं सांगता आलं असतं,' त्या म्हणाल्या. 'हो.' 'मी तुला विचारलं नव्हतं का?' मी दहा महिने आठवून बघितले. 'दुखतंय का ते विचारलंत,' मी म्हणालो. 'मूठ मिटलीस का ते विचारलंत. काय करतोस ते नाही विचारलंत.' त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. बॅग राहिली. इंजिनिअरनं भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं राहून वीस मिनिटं मोजली, कारण मोजल्याशिवाय त्याला राहवत नाही. मी पडद्याकडे बघत होतो. मला वाटत होतं की एकदा शेवटची हवा कापून घ्यावी, आणि भीतीही वाटत होती की चालणार नाही, इतक्या लोकांना कळल्यावर ती लाजून बसेल. टिक. बसली नव्हती.

मॅडम आल्या त्या केस मागे बांधून. स्टुलावर बसल्या, स्टूल पायानं अडवून धरलं आणि म्हणाल्या, 'कात्री सोडून आणखी काय येतं तुला?' मला प्रश्न कळायला वेळ लागला. तीन वर्षांत मला 'काय येतं' असं कुणी विचारलेलं नव्हतं. लोक विचारतात काय काय येत नाही, आणि ती यादी माझी पाठ आहे. 'वस्तरा,' मी म्हणालो. 'वस्तरा येतो. तो तीन बोटांत तरंगतो, मनगट सगळं काम करतं. साबणाचा ब्रश, तो वेगळा, तो गोल जातो, घट्ट धरला की फेस होत नाही. फणी उलटी फिरवणं. मालिश, त्यात दहाही बोटं, पण मी फक्त उजवी देऊ शकतो. एप्रन झटकणं.' माझा आवाज चढत चालला होता. छातीत हवा पुरेना, तरी मी बोलत होतो, मानेवरची पावडर, कानातला कापूस, बाटलीतून हातावर घेतलेला तो गार, झोंबणारा थेंब. 'थांब,' मॅडम म्हणाल्या, 'ब्रश कर.' मी ब्रश केला. इंजिनिअरच्या पडद्यावर काय झालं ते मला दिसत नव्हतं, पण त्याच्या बाह्या कोपराच्या वर गेलेल्या दिसल्या. 'वस्तरा.' मी बाबांचा जुना वस्तरा घेतला, मोठा, मुठीवर चीर पडलेला, आणि गालावरून खाली उतरलो. 'हे वेगळंय,' इंजिनिअर म्हणाला. 'हे तिसरंच आहे. मॅडम, हे स्वच्छ वेगळंय.' 'परत ब्रश.' ब्रश. 'फणी.' फणी. कर्सर बिचारा पडद्यावर गोंधळून उभा होता, त्याला आजवर एकच शब्द येत होता आणि अचानक घरात पाहुणे भरले होते. मला हसू फुटलं, आणि हसताना आतला हात थांबला नाही. दहा महिने मी या लोकांना एकुलती एक कात्री लपून छपून देत होतो. अख्खं दुकान माझ्याकडे पडून होतं.

मॅडम शुक्रवारी गेल्या आणि भर परिषदेत उभं राहून त्यांनी सांगितलं की मुठीची गोष्ट मी मागे घेते, मी सहभागी माणसाला विचारायचं विसरले. लोक काय म्हणाले ते त्या सांगत नाहीत. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीनं दुसरं वर्ष दिलं नाही. तीन महिने दिले. तीन महिन्यांत पाच हालचाली एकमेकींत न मिसळता दिसल्या तर यंत्र घरी, नाही तर सुया परत. इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी अडचण काढली: मी वस्तरा म्हणतो तेव्हा मनगट नेमकं कधी वळतं ते त्याला कळायला हवं, आणि माझं मनगट तर वळत नाही. कोणीतरी समोर करून दाखवायला हवं, माझ्यासारखंच. 'तुझ्यासारखं कोण करतं?' मॅडमनी विचारलं. या वेळी विचारलं.

बाबा मंगळवारी आले. दुकानाला कुलूप लावून, इस्त्रीचा शर्ट, हातात सामानाची पेटी. प्रयोगशाळेत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, त्या सिस्टरांनी त्यांना परत घालायला लावल्या. त्यांनी खोलीतली यंत्रं पाहिली, माझ्या डोक्यातून निघालेली वायर कुठे जाते ते डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहत नेलं, आणि मग चकतीभोवतीचे केस बघून त्यांचा चेहरा पडला. 'हे कुणी कापलं?' सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. मॅडमनी बाबांच्या बोटांवर छोटे पिवळे ठिपके चिकटवले, कॅमेरा लावला. 'सुरू करा काका. तुम्ही हवेत करा, तो मनात करेल.' बाबांनी कात्री काढली. टिकटिक, टिकटिक. यंत्राला जोडलेल्या लाउडस्पीकरमधून माझी, त्यांच्या पाठोपाठ. त्यांनी चमकून वर पाहिलं. कात्री थांबवली नाही, पण लय बदलली, दोन जलद, एक सावकाश. मीही बदलली. ते कानामागे गेले, मी कानामागे गेलो. 'हे तू?' ते म्हणाले. 'मीच.' 'रोज?' 'तुम्ही दुकान उघडलंत की.' त्यांचा हात खाली आला. त्यांची कात्री थांबली आणि माझी थांबली नाही. खोलीत ती एकटीच चालली होती. बाबा तिच्याकडे कान देऊन उभे होते, मोटारीचं इंजिन ऐकावं तसे. 'मधेच जड होतंय,' ते म्हणाले. 'अनामिका गप्प ठेव.' मी ठेवली. 'हं.' इंजिनिअरनं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं.

माझ्या समोर, पडद्याच्या बाजूला, तपासायची एक साधी खुर्ची होती. बाबांनी ती माझ्याकडे पाठ करून फिरवली, पेटीतला एप्रन काढला, झटकला आणि स्वतःच्याच गळ्याभोवती बांधला. मग बसले. मागचे केस खरंच फार वाढले होते त्यांचे, पलीकडचा म्हातारा गेल्यावर बहुतेक कुणी हातच लावला नव्हता. उजवीकडे एक पांढरी बट कॉलरमध्ये शिरली होती. तिथून सुरुवात करायची, खालून वर, फणी आडवी धरून. समोर दुसरा एक बंद, काळा पडदा होता, त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत असणार, आणि माझाही. त्यांनी क्षणभर पाहिलं. टिकटिक, टिकटिक. मग त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली घातली.